कॉम्प्युटर चालता चालता अचानक बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो : कुठून तपासायला सुरुवात करावी

हा दोष मी वेगवेगळ्या मशीनवर अनेकदा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा मशीन माझ्याकडे येईपर्यंत त्याचं विंडोज दोनदा फॉरमॅट झालेलं असतं, रॅम बदललेली असते, आणि ग्राफिक्स कार्ड बदलायचं की नाही यावर घरात चर्चा चाललेली असते. दोष मात्र तसाच असतो, कारण मशीन नेमकं कसं बंद पडतं हे कुणी नीट पाहिलेलंच नसतं. ते पाहिलं की अर्धं काम होतं. म्हणून आधी लक्षणं, आणि स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर.

लक्षणं : बंद पडण्याचेही प्रकार असतात

वीज गेल्यासारखं क्षणात सगळं अंधारलं, पंखे थांबले, आणि आता पॉवर बटण दाबूनही काही होत नाही. मागचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबलं की मगच मशीन सुरू होतं. हे दिसलं तर संशय थेट एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायवर), त्याच्या जोडण्यांवर किंवा कुठेतरी होणाऱ्या शॉर्टवर घ्यावा. एसएमपीएसमधली संरक्षण व्यवस्था एकदा ट्रिप झाली की ती अडकून राहते आणि मागची वीज काढल्याशिवाय सुटत नाही.

क्षणात अंधारलं, पण मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीज गेल्यावर परत आली तर मशीनने काय करायचं, याची एक सेटिंग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये) असते. ती ‘चालू’वर असेल तर विजेचा साधा झटकासुद्धा रीस्टार्टसारखा दिसतो. त्यामुळे ‘रीस्टार्ट होतो’ आणि ‘बंद पडतो’ हे दोन वेगळे आजार आहेत असं लगेच धरू नका.

निळी किंवा काळी स्क्रीन क्षणभर चमकते आणि मग रीस्टार्ट होतो. हे विंडोजने स्वतः घेतलेलं पाऊल आहे. कारण ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम), रॅम, प्रोसेसर किंवा डिस्क यांपैकी काहीही असू शकतं, पण विंडोजला निदान काहीतरी लिहून ठेवायला वेळ मिळालेला असतो.

सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत बंद, दर वेळी तेवढ्याच वेळात. हे जवळजवळ नेहमी पॉवर बटण आत अडकल्याचं लक्षण असतं. बटण साधारण ४ सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड मशीन बंद करतो, आणि अडकलेलं बटण म्हणजे सतत दाबलेलं बटण.

स्क्रीन काळी पडली, पण पंखे आणि आवाज चालूच आहे. हा बंद पडण्याचा प्रकारच नाही. इथे मॉनिटरची केबल, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स कार्ड पाहायचं असतं. खालच्या तपासण्यांपैकी फार थोड्या याला लागू पडतात.

या जोडीला एका कागदावर तीन गोष्टी लिहा : त्या वेळी काय चाललं होतं (गेम, व्हिडिओ, की नुसतंच पडून होतं), सुरू केल्यापासून किती वेळाने झालं, आणि त्याच वेळी घरात पंप, फ्रिज किंवा एसी सुरू झाला होता का. दोन-चार नोंदी झाल्या तरी आकृती दिसू लागते.

हात लावण्याआधी : महत्त्वाच्या फायली बाहेर काढा

दर वेळी अचानक बंद पडताना डिस्कवर काहीतरी अर्धवट लिहिलं जात असू शकतं. पुढच्या चाचण्यांमध्ये तर आपण मुद्दाम मशीन बंद पाडणार आहोत. फोटो, हिशेब, प्रबंध, जे काही परत मिळणार नाही ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे टाळून पुढे जाऊ नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

बाहेरची वीज

मशीन भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट लावा. एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक गार्ड, यूपीएस, सगळं मधून काढा. पॉवर केबल दुसरी वापरून पाहा. मॉनिटरची केबल बहुधा तीच असते, त्यामुळे नवी आणायची गरज नाही. एसएमपीएसच्या बाजूला केबल पूर्ण आत बसली आहे ना, हे बोटाने दाबून पाहा. टेबलाला धक्का लागल्यावर मशीन बंद पडत असेल तर उत्तर बहुतेक इथेच मिळतं.

यूपीएसकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. त्यावर लिहिलेला व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन गेम चालू असताना याच्या पुढे सहज जातं. शिवाय वीज गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसमधल्या कॅपॅसिटरांनी निभावून न्यायचा असतो. एसएमपीएस जुना झाला की ते जमत नाही. मग यूपीएस चांगला असूनही दिवा लुकलुकला की मशीन जातं. यूपीएसची बॅटरी काही वर्षांनी उतरते आणि ती उतरल्याचं वीज जाईपर्यंत कळत नाही. थेट सॉकेटवर काही दिवस मशीन नीट चाललं, तर कॅबिनेट उघडायचं कारणच उरत नाही.

विंडोजला विचारा, पण त्याच्या उत्तराचा अर्थ नीट लावा

सर्चमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम निवडा आणि बंद पडल्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद जवळजवळ हमखास दिसते. ती पाहून ‘पॉवर सप्लाय गेला’ असा निष्कर्ष काढून लोक नवा एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर आपल्याला माहीतच होतं! ही परिणामाची नोंद आहे, कारणाची नव्हे.

उपयोगाची गोष्ट त्या नोंदीच्या तपशिलात आहे. तिथे ‘बगचेक कोड’ (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायची संधीच मिळाली नाही. म्हणजे वीज, तापमान किंवा हार्डवेअर. शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे आणि तो कोड हाच पुढचा धागा. जवळपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतः चूक कळवली आहे. तिथे प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज आणि रॅम यांच्याकडे वळावं. आणि १०७४ क्रमांकाची नोंद दिसली तर कुठल्या तरी प्रोग्रामने किंवा अपडेटने मशीन रीतसर बंद केलं आहे. तो बिघाडच नाही.

निळी स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल तर ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’मधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी स्क्रीन थांबेल, मोबाइलने फोटो काढा. कोड दर वेळी वेगळा येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव असेल तर तो ड्रायव्हर आधी बदलून पाहावा.

दोष विंडोजचा आहे का, हे फुकटात कळतं

मशीन सुरू करताना बायोसमध्ये शिरा आणि तसंच राहू द्या. इथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाहीत, व्हायरस नाही. बायोसच्या पडद्यावर असतानाच मशीन बंद पडलं, तर फॉरमॅट करण्यात घालवायचा दिवस वाचला. बायोसमध्ये नीट चाललं तर मात्र लगेच विंडोजला दोषी ठरवू नका, कारण तिथे प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर खरा भार पडत नाही. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. डिस्कला हात न लावता ते चालतं. तिथेही तसंच झालं तर हार्डवेअर.

बायोसमध्ये आहात तोवर आणखी एक काम करा. रॅमसाठीची एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग चालू असेल तर ती बंद करा, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक (नेमल्यापेक्षा जास्त वेग) किंवा अंडरव्होल्ट (नेमल्यापेक्षा कमी व्होल्टेज) काढून टाका, म्हणजेच सगळं मूळ सेटिंगवर आणा. खोक्यावर डीडीआर५ ६००० लिहिलेली रॅम त्या वेगाने चालते ती एक्सएमपी किंवा एक्सपोमुळे, आणि ते प्रोसेसरच्या दृष्टीने ओव्हरक्लॉकच असतं. चार पट्ट्या लावल्या असतील तर ते आणखी अवघड होतं. अंडरव्होल्ट केलेलं मशीन भाराखाली उत्तम चालतं आणि रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं, हेही मी पाहिलं आहे. नुसतं पडून असताना बंद पडणाऱ्या मशीनमध्ये मी हेच आधी तपासतो. बदल केल्यावर डीडीआर५ मशीनची स्क्रीन पहिल्यांदा काही मिनिटं काळी राहू शकते. तेव्हा रॅमची जुळवणी चाललेली असते, घाबरून बटण दाबू नका.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवीन बायोस घ्याच. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की यांतल्या ६५ वॅट व त्यावरच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, आणि त्यासाठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. या प्रोसेसरांची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. ज्या प्रोसेसरला आधीच इजा झाली आहे तो नव्या बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो. बायोस अपडेट चालू असताना मशीन बंद पडलं तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून मशीन दर काही मिनिटांनी जात असेल तर हे काम बाहेरून करून घ्या.

उष्णता

हे सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण, पण लोकांना वाटतं तसं ते चालत नाही. आजचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिलं तर स्वतःला वाचवण्यासाठी क्षणात बंद होतो. म्हणजे उष्णतेने बंद पडणारं मशीन त्याआधी मंद झालेलं असतं आणि पंखे ओरडत असतात. शांतपणे चाललेलं, अजिबात न अडखळणारं मशीन झटकन गेलं, तर निदान प्रोसेसरच्या तापमानाकडे बोट दाखवता येत नाही.

तापमान दाखवणारा कुठलाही विश्वासू प्रोग्राम उघडून ठेवा आणि मग भार टाका. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. आकडा काही सेकंदांत मर्यादेला जाऊन टेकत असेल तर धुळीपेक्षा हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट न बसल्याचा किंवा वॉटर कूलरचा पंप बंद पडल्याचा संशय घ्या. हळूहळू वर चढत असेल तर धूळ आणि हवा जाण्या-येण्याचा मार्ग तपासा.

साफ करताना मशीनची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये, थेट पंख्याच्या मागे, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो वरून दिसत नाही. पंखा काढून पाहिल्याशिवाय ‘साफ आहे’ म्हणू नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) कोरडी पडली असेल तर जुनी पूर्ण पुसून नवी लावा. मटारच्या दाण्याएवढी पुरते.

लॅपटॉपचंही तेच, फक्त उघडणं जास्त नाजूक. खालचं झाकण नीट बसत नसेल किंवा टचपॅड वर आलेला असेल तर बहुधा बॅटरी फुगली आहे. तिथेच थांबा, याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बटण आणि जोडण्या

पॉवर बटणाची आणि रीसेट बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढा. मग पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा. मॅन्युअल पाहूनच योग्य पिना ओळखा. आता मशीन टिकलं तर दोष बटणात होता. रीसेट बटण वापरत नसाल तर ती वायर कायमची काढून ठेवली तरी काही अडत नाही.

नंतर वीज बंद करून २४ पिनांचा मोठा कनेक्टर, प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचे कनेक्टर काढून पुन्हा बसवा, कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत. कुठे प्लास्टिक पिवळं पडलंय, वितळलंय का ते बघा. ग्राफिक्स कार्डाला ८ पिनांच्या दोन जागा असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलला फुटलेले दोन फाटे लावणं सोयीचं दिसतं, पण दोन्हींचा भार एकाच केबलवर पडतो. ८ पिनांच्या एका कनेक्टरची नेमलेली क्षमता १५० वॅट आहे. नव्या कार्डांवरचा बारीक १६ पिनांचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंतचा असतो आणि तो थोडासुद्धा बाहेर राहिला तर तापून वितळू शकतो. दुसऱ्या एसएमपीएसची केबल मात्र कधीही वापरू नका. टोकं सारखी दिसली तरी एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि चुकीच्या केबलने डिस्क व मदरबोर्ड जळू शकतात.

रॅम

पट्ट्या काढून पुन्हा बसवा, मग एकेकच लावून मशीन चालवा. एक पट्टी लावल्यावर दोष जातो आणि दुसरी लावल्यावर येतो, इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्याच तपासणीत मिळत नाही. चार जागा असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसतात. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी ती चूकच. रॅममध्ये ‘थोडीशी खराब’ असा प्रकार नसतो. मात्र चूक दिसली म्हणजे पट्टीच वाईट असं नाही. तीच पट्टी दुसऱ्या जागेत आणि मूळ वेगावर तपासा, मग ठरवा.

एसएमपीएस : सगळ्यात शेवटी, पण नीट

आता भार वेगळा करून पाहायचा. आधी फक्त प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी, मग फक्त ग्राफिक्स कार्डावर, मग दोन्ही एकत्र. वेगवेगळे चालतात आणि एकत्र दिल्यावर क्षणात अंधार होतो, तर एसएमपीएस कमी पडतोय किंवा थकला आहे. यात वॅटची बेरीज फसवते. ग्राफिक्स कार्ड सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज क्षणभर ओढतं, आणि जुना एसएमपीएस त्याला शॉर्ट समजून स्वतःला बंद करतो. याचसाठी २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सहन करावा, अशी अट घातली गेली. नवं कार्ड घातल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर हे कारण माझ्या यादीत सगळ्यात वर असतं.

मल्टिमीटर असेल आणि तो वापरायची सवय असेल, तर १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ मध्ये असायला हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये. भार असताना मोजा. क्षणिक घसरण मीटरला दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. कागदाची क्लिप लावून पंखा फिरवून पाहण्याची युक्तीही एवढंच सांगते, की तो सुरू होतो. खरी तपासणी एकच : ओळखीच्या कुणाचा पुरेशा वॅटचा चांगला एसएमपीएस, त्याच्या स्वतःच्या सगळ्या केबलींसह, काही दिवस लावून पाहणं.

तरीही दोष राहिला तर मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून कमीत कमी भागांनिशी चालवा. बाहेर टिकला आणि आत बंद पडला, तर बहुधा मागे जादा लागलेला एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा छोटा खुंट) किंवा सुटा स्क्रू बोर्डाला टेकतो आहे.

कुठे थांबायचं

जळका वास, ठिणगी, कॅबिनेटला हात लावल्यावर शॉक, किंवा मशीन लावताच घरचा एमसीबी पडणं : वायर काढा आणि पुन्हा लावू नका. शॉक बसत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, कॉम्प्युटरवाल्याकडे त्यानंतर.

एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरांमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. तिथे दुरुस्ती करायची ती ज्याचा तो धंदा आहे त्यानेच.

लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. थेट सेवा केंद्रात न्या.

मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा गळलेले दिसले, प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकली असेल, किंवा वरचं सगळं करूनही दोष कायम असेल, तर आता प्रश्न बोर्डाचा किंवा प्रोसेसरचा आहे. तो पर्यायी भाग हाताशी असलेल्या माणसानेच सोडवावा. वॉरंटी शिल्लक असेल तर ही पायरी खूप आधी येते, कारण काही ठिकाणी सील तुटलं की दावा नाकारतात.

मशीन देताना तो कागद सोबत द्या : कसं बंद पडतं, कधी, बगचेक कोड काय, आणि कोणत्या तपासण्या झाल्या. ‘मधेच बंद होतं’ एवढंच सांगितलं तर दुकानात ते तासभर नीट चालतं आणि तसंच परत येतं. परत आल्यावर पूर्वी ज्या कामात ते जायचं तेच काम त्याला द्या. आधी आठवड्यातून एकदा बंद पडत असेल, तर दोन-तीन आठवडे नीट चालेपर्यंत दुरुस्त झालं असं धरू नका आणि एक्सएमपी किंवा अंडरव्होल्ट पुन्हा चालू करू नका.